वाट आईच्या पाठीमागची



दिवाळी सरली, खरिपाची पिकं घरात आली, की पुण्या-साताऱ्याकडच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. एसटी एकदम थांबते. खिडकीतून डोकावून पाहावं तर समोर रस्ताभर मेंढ्याच मेंढ्या! पुढे काठी घेतलेले धनगरबाबा. मागे घोडी. घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर बसलेलं एखादं दोन-तीन वर्षांचं पोर. धनगरांचा वाडा कोकणाकडे निघालेला असतो. पावसाच्या तोंडावर तो पुन्हा घाटावर येईल.

आता सांगा, घाट कुठून उतरायचा, कुठल्या गावाबाहेर पाणी मिळतं, कुठला शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, हे त्या पोराला कोण शिकवतं? ते काही भूगोलाच्या पुस्तकात नसतं. घोडीवर बसून, पुढे थोडं मोठं झालं की पायी, आईबापांच्या मागे जाता जाता ते पोर सगळी वाट शिकून घेतं. मोठेपणी तेच पोर वाडा घेऊन निघतं.

आज मी तुम्हाला अशाच वाटसरूंची गोष्ट सांगणार आहे. हे वाटसरू चार पायांचे आहेत आणि आपल्यापासून फार फार दूर, उत्तर अमेरिकेत राहतात. त्यांचं नाव एल्क.

एल्क म्हणजे हरणाच्या कुळातला एक थोराड प्राणी. तुमच्यापैकी काहींनी ताडोब्यात किंवा मेळघाटात सांबर पाहिलं असेल. एल्क साधारण तसाच, पण आणखी दणकट. नर तीनशे किलोंच्या घरात जातो, मादी सव्वादोनशेच्या. खांद्यापाशी नराची उंची दीड मीटर. म्हणजे सातवी-आठवीतला मुलगा त्याच्या शेजारी उभा राहिला तर दोघांचे खांदे काही जुळायचे नाहीत! अंग बदामी, मान गडद तपकिरी, आणि मागची बाजू पांढुरकी. तिथल्या शॉनी नावाच्या आदिवासी लोकांनी या प्राण्याला फार समर्पक नाव दिलं आहे, 'वापिती'. त्याचा अर्थ काय माहीत आहे? पांढऱ्या ढुंगणाचा! हसू नका. कळप पळत सुटला की मागून धावणाऱ्या पाडसाला तीच तर खूण दिसते.

नावाचा घोळ मात्र गोऱ्या लोकांनी घातला. युरोपात 'एल्क' म्हणतात तो प्राणी वेगळाच. लांब नाकाड्याचा, पसरट शिंगांचा. त्याला अमेरिकेत 'मूस' म्हणतात. युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांनी हा नवा प्राणी पाहिला आणि त्याला एल्क म्हणून टाकलं. तेव्हा कुठल्या पुस्तकात एल्कचं चित्र पाहून गोंधळलात तर दोष तुमचा नाही, बरं का.

चला, आता आपण एका एल्कच्या पाडसाबरोबर वर्षभर हिंडून येऊ. पाडस माझ्या कल्पनेतलं आहे, पण त्याच्या आयुष्यात जे घडतं ते सारं खरं आहे. मादी पाडस आहे. तिच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, म्हणून आपण तिला ठिपकी म्हणू.

ठिपकीचा जन्म झाला मे महिन्याच्या अखेरीस, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात. जन्मली तेव्हा तिचं वजन पंधराएक किलो होतं. आई तिला झुडपात, गवतात दडवून ठेवते आणि स्वतः लांब चरायला जाते. तुम्हाला वाटेल, काय निष्काळजी आई! पण त्यातच शहाणपण आहे. ठिपकीच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच. आईच्या अंगाला मात्र असतो. आई जवळ राहिली तर अस्वलाला किंवा लांडग्याला पत्ता लागायचा. म्हणून ती फक्त दूध पाजायला येते, पिल्लाला चाटूनपुसून साफ करते, त्याच्या शी-शूचाही वास मागे राहू देत नाही, आणि पुन्हा निघून जाते. ठिपकीचं काम एकच, अजिबात हलायचं नाही. तुम्हाला कुणी दोन आठवडे गप्प बसायला सांगितलं तर जमेल का? ठिपकीला जमतं.

दोन-तीन आठवडे झाले की आई तिला कळपात आणते. इथे पुष्कळ आया आणि पुष्कळ पिल्लं असतात. कळप हळूहळू उंच उंच चढत जातो. का? तर कोवळ्या गवतासाठी. खालच्या दरीतला बर्फ आधी वितळतो, तिथलं गवत आधी उगवतं. मग थोडं वरचं. मग त्याहून वरचं. असा हिरवा रंग डोंगर चढत जातो आणि त्याच्या मागोमाग एल्क चढतात. कोवळं गवत पचायला सोपं आणि जास्त सकस असतं. जून झालेलं गवत म्हणजे नुसता चोथा. एल्कना हे बरोब्बर कळतं.

नर या काळात वेगळे असतात. त्यांची शिंगं वाढत असतात. गाईम्हशींची शिंगं जन्मभराची असतात, पण हरणांच्या कुळातल्या नरांची शिंगं दर वर्षी गळतात आणि दर वर्षी नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते आणि तिच्यातून रक्त वाहतं. ऐन उन्हाळ्यात एल्कचं शिंग दिवसाला दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतं. आज पट्टीने मोजलंत तर उद्या पट्टी पुन्हा आणावी लागेल! ऑगस्टअखेर मखमल सुकते. नर झाडाच्या खोडावर शिंगं घासून ती उतरवून टाकतात.

आणि मग सप्टेंबर येतो. हवेत गारवा येतो आणि डोंगरदऱ्या एका विलक्षण आवाजाने घुमू लागतात. नर एल्कची आरोळी खर्जात सुरू होते, चढत चढत शिट्टीसारखी तीक्ष्ण होते आणि शेवटी दोन-चार हुंकारांवर संपते. तीनशे किलोंच्या धुडातून अशी बासरीसारखी शीळ निघावी याचंच नवल वाटतं. तिथले लोक म्हणतात, एल्क बिगूल वाजवतोय. तो चिखलात लोळतो, शिंगांनी माती उकरतो, माद्यांचा घोळका जमवतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. या महिन्याभरात त्याला धड खायलाही फुरसत नसते. त्यामुळे हिवाळा तोंडावर आला असताना स्वारी चांगलीच वाळलेली असते.

ठिपकी हे सगळं पाहते. तिच्या अंगावरचे ठिपके आता गेले आहेत. एक दिवस बर्फ पडायला लागतो. आधी भुरभुर, मग गुडघाभर. खालचं गवत खुरांनी उकरून काढणं अवघड होतं. मग कळपातली एखादी जुनीजाणती मादी चालू लागते. हो, कळपाची वाट दाखवते ती अशी अनुभवी मादीच. मोठ्या शिंगांचा नर दिसायला रुबाबदार, पण रस्ता आजीबाईंनाच ठाऊक! एकीमागे एक अशी रांग लागते. नद्या पोहून, खिंडी ओलांडून कळप खाली उतरतो. काही कळप थोडकंच चालतात. काही मात्र शंभर किलोमीटरच्या आसपास मजल मारतात. ठिपकी आईच्या मागे मागे असते. पुढच्या वसंतात याच वाटेने वर, मग पुन्हा खाली. दोन-तीन वर्षांत वाट तिच्या पायांत बसते.

आता ठिपकीला इथेच सोडून आपण जरा मागे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जाऊ. कारण खाली दरीत काय वाढून ठेवलं होतं ते तुम्हाला कळायला हवं.

गोरे लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत एककोटीच्या आसपास एल्क असावेत असा अंदाज आहे. पूर्व किनाऱ्याजवळच्या जंगलांपासून पश्चिमेच्या डोंगरांपर्यंत ते पसरलेले होते. मग बंदुका आल्या, रेल्वे आली, शेती आली. मांसासाठी, कातड्यासाठी एल्क मारले गेले. आणखी एक कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. एल्कच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, हस्तिदंतासारखे गुळगुळीत. खिशातल्या घड्याळाच्या साखळीला ते लटकवायची तेव्हा फॅशन होती. त्या दोन दातांसाठी तीनशे किलोंचं जनावर मारून तिथेच टाकून दिलं जाई. १९०० सालाच्या सुमारास संबंध खंडात लाखभर एल्कही उरले नव्हते. पूर्वेकडची एक जात आणि नैर्ऋत्येकडची एक जात तर कायमची संपली.

जे उरले त्यांतले पुष्कळसे यलोस्टोनच्या आसपास होते. यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान. तिथे त्यांना आसरा मिळाला. पण उद्यान होतं उंचावर. हिवाळ्यात उतरायची दरी उद्यानाबाहेर होती. ठिपकीच्या पूर्वजांच्या या दरीचं नाव जॅक्सन होल. तिथे लोकांनी वस्ती केली, गुरं पाळली, कुरणांना कुंपणं घातली. एल्क आपल्या नेहमीच्या वाटेने खाली आले, तर हिवाळ्याचं गवत गुरांसाठी कापून नेलेलं! १९०९ ते १९११ या काळात तिथले हिवाळे फार कडक गेले. हजारो एल्क उपासमारीने मेले. भुकेले एल्क गवताच्या गंज्यांवर तुटून पडत. कुरणवाल्यांचं मन द्रवे, पण स्वतःची गुरंही जगवायची होती.

त्यांच्यातच स्टीफन लीक नावाचा एक गुरंपाळ होता. त्याला छायाचित्रं काढायचा नाद. त्याने त्या खंगलेल्या, मरून पडलेल्या एल्कची छायाचित्रं काढली आणि देशभर दाखवली. लोक हळहळले. सरकार हललं. १९१२ साली जॅक्सन गावाला लागून 'नॅशनल एल्क रेफ्यूज' म्हणजे एल्कसाठी राखीव आश्रयस्थान झालं. आजही हिवाळ्यात हजारो एल्क तिथे उतरतात. वसंतात नरांची शिंगं गळून पडतात आणि तिथले स्काउट, म्हणजे तुमच्याच वयाची मुलं, ती गोळा करतात. मे महिन्यात गावच्या चौकात त्यांचा जाहीर लिलाव होतो आणि मिळालेल्या पैशांचा मोठा भाग त्या आश्रयस्थानाच्याच कामी लागतो. त्या चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार कमानी आहेत, पूर्णपणे एल्कच्या शिंगांच्या! एकाही एल्कला इजा न करता मिळालेली ही शिंगं.

एल्क वाचले. मग लोकांच्या मनात आलं, जिथून ते नाहीसे झाले तिथे त्यांना परत का आणू नये?

१९१३ साली यलोस्टोनहून ५० एल्क आगगाडीत घालून थेट पेनसिल्व्हेनिया राज्यात नेण्यात आले. म्हणजे जवळजवळ देशाच्या दुसऱ्या टोकाला. १९२६ पर्यंत तिथे १७७ एल्क सोडले गेले. सुरुवात रडतखडत झाली. काही एल्क शेतात शिरले, काही मारले गेले. पण कळप तगला. आज तिथे हजाराच्या वर एल्क आहेत.

सगळ्यांत मोठा प्रयोग झाला केंटकी राज्यात. तिथले एल्क एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच संपले होते. १९९७ सालच्या डिसेंबरात कॅन्सास राज्यातून सात एल्क केंटकीला आले. फक्त सात! ते पिंजऱ्यातून उतरताना पाहायला हजारो माणसं थंडीत उभी होती. शाळकरी मुलं होती, आजी-आजोबा होते. त्यांच्या पणज्यांनीही ज्यांना पाहिलं नव्हतं असा प्राणी घरी परत येत होता. २००२ पर्यंत सहा राज्यांतून मिळून १,५४१ एल्क तिथे आणले गेले. आज केंटकीत दहा हजारांहून जास्त एल्क आहेत. आता तर केंटकीनेच मिसूरी, व्हर्जिनिया, विस्कॉन्सिन या राज्यांना आपले एल्क दिले आहेत. घेतलेलं परत देण्याची ही रीत मला फार आवडली.

आणि हे एल्क राहतात कुठे, ऐका. केंटकीच्या पूर्व भागात दगडी कोळशासाठी डोंगरांचे माथे सुरुंग लावून उडवले होते. कोळसा काढून झाल्यावर तिथे सपाटी करून गवत पेरलं. झाडं नीट वाढेनात, पण गवत वाढलं. माणसाने बोडके केलेले ते डोंगर एल्कना मात्र चरायला आयते मिळाले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. या कामाला मोठी मदत केली ती शिकाऱ्यांच्या संघटनेने. 'रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन' हे तिचं नाव, १९८४ साली स्थापन झाली. तिथे सरकार ठरावीक संख्येत शिकारीचे परवाने देतं आणि त्या फीचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाला लागतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने रानातल्या प्राण्यांची शिकार बंद झाली. तिकडची रीत वेगळी आहे. ती बरी की वाईट, यावर रात्री जेवताना आईबाबांशी जरूर वाद घाला. मी मध्ये पडणार नाही!

तर एल्क ट्रकमधून, आगगाडीतून परत आणता आले. संख्या वाढली. मग गोष्ट संपली का?

नाही. खरी गोष्ट आता सुरू होते.

वायोमिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना एक प्रश्न पडला होता. हंगामाप्रमाणे वर-खाली जाण्याचं ज्ञान या प्राण्यांना जन्मतःच असतं, की ते शिकावं लागतं? कोळ्याच्या पिल्लाला जाळं विणायला कुणी शिकवत नाही. तसंच हेही असेल का? एल्कच्या शेजारी राहणाऱ्या दोन प्राण्यांवर त्यांनी हे ताडून पाहिलं. एक मघाशी सांगितलेला मूस, आणि दुसरी मोठ्या वळणदार शिंगांची डोंगरी मेंढी. या मेंढ्याही काही भागांतून नाहीशा झाल्या होत्या आणि दुसरीकडून आणून सोडल्या होत्या. शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या गळ्यात उपग्रहाला ठिकाण कळवणारे पट्टे बांधले. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

त्यांना काय आढळलं? ज्या कळपांचं मूळ तिथलंच, त्यांतले बहुतेक प्राणी हंगामाप्रमाणे प्रवास करत होते. नव्याने आणून सोडलेल्यांत मात्र शंभरातले नऊसुद्धा प्रवास करत नव्हते! डोंगर तोच, गवत तेच, पाय तेच. पण वाट ठाऊक नव्हती. नव्या जागी ती दाखवणारी आजीबाई कुणीच नव्हती. मग हळूहळू, कुणी थोडं वर चढून पाहिलं, कुणी आणखी थोडं. एका आईला कळलेलं पिल्लाला मिळालं. त्याने त्यात भर घातली. असं करत करत मेंढ्यांच्या कळपातल्या बहुतेकांना हंगामी प्रवास जमायला चाळीसएक वर्षं लागली. मूसना तर नव्वदच्या आसपास!

नव्वद वर्षं म्हणजे किती? तुमच्या पणजोबांनी सुरू केलेलं काम तुमच्या वेळी पुरं व्हावं, इतकी.

आता तुमच्या लक्षात येईल की कळप वाचवणं म्हणजे नुसती डोकी मोजणं नव्हे. प्राणी ट्रकमध्ये घालून आणता येतात. वाट मात्र ट्रकमध्ये मावत नाही. ती म्हाताऱ्या माद्यांच्या डोक्यात असते. त्या माद्या गेल्या, किंवा वाटेवर भिंत उभी राहिली आणि कुणी चालेनासंच झालं, की ती पुसली जाते.

जॅक्सनमध्ये असंच काहीसं होऊ लागलं आहे. तिथल्या आश्रयस्थानात हिवाळ्यात एल्कना चारा देतात. आपल्याकडे दुभत्या जनावरांना जो लसूणघास घालतात, त्याच्याच दाबून केलेल्या गोळ्या. भुकेल्याला खायला घालणं हे पुण्याचंच काम, शंभर वर्षांपूर्वी त्यानेच एल्क वाचले. पण त्याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे, यलोस्टोनपर्यंत दूर जाणारे एल्क कमी होत गेले आणि गावाच्या जवळपासच उन्हाळा काढणारे वाढत गेले. म्हणजे लांबची वाट जाणणारे कमी झाले. दुसरा परिणाम जास्त वाईट. हजारो जनावरं एका जागी दाटीवाटीने खाऊ लागली की रोग पसरतो. हरणांच्या कुळात मेंदूचा एक रोग आहे. त्यात जनावर झिजत जातं आणि मरतं, त्याला औषध नाही. २०२० साली जॅक्सनजवळच्या एका एल्कमध्ये तो सापडला.

आता काय करायचं? चारा एकदम बंद केला तर पहिल्याच कडक हिवाळ्यात उपासमार. चालू ठेवला तर रोगाची भीती. शास्त्रज्ञ, अधिकारी, कुरणवाले, शिकारी, सगळे यावर डोकं खाजवत आहेत. हळूहळू चाऱ्याची सवय कमी करायची, असा तिथे बेत आहे. पण सोपं उत्तर कुणाजवळच नाही. मोठ्या माणसांना सगळं येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र आजच करता येते. जी वाट अजून चालू आहे ती मोडू द्यायची नाही. आणि ती करायला कधी कधी फार मोठं काही लागतही नाही. कुंपणाचंच पाहा. आई एल्क कुंपणावरून सहज उडी मारते. पाडसाला ती जमत नाही. ते अलीकडेच राहतं, तारेच्या कडेने सैरावैरा धावतं, नाहीतर तारेत अडकतं. म्हणून आता पुष्कळ कुरणवाले खालची तार काटेरी न ठेवता साधी ठेवतात आणि जमिनीपासून हातभर वर बांधतात. पाडस खालून सरपटत जातं, आई वरून. गुरंही आत राहतात. एवढासा बदल!

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून मोठा हमरस्ता जातो. तिथे जनावरांसाठी रस्त्यावरून पूल आणि खालून बोगदे बांधले आहेत. पुलांवर माती टाकून गवत-झाडं लावली आहेत. मोठ्या प्राण्यांत आधी कोण आलं असेल? आपले एल्क! काही ठिकाणी तर बांधकाम चालू असतानाच ते पलीकडे जाऊ लागले. नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या हमरस्त्यालाही खालून अशा वाटा ठेवल्या आहेत. तिथून चितळ जातात, वाघही जातात. कधी त्या बाजूला गेलात तर पाहा. आपण वरून, ते खालून, आणि कुणाचंच अडत नाही.

एल्कचा एक चुलतभाऊ आपल्या देशातही आहे. काश्मीरचा हंगूल. श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात तो राहतो. शरद ऋतूत तोही साद घालतो, तोही हिवाळ्यात खाली येतो आणि उन्हाळ्यात वर जातो. एकेकाळी काश्मीरमध्ये हंगूल हजारोंनी होते. १९७० च्या सुमारास ते दोनशेच्याही खाली आले. २०२३ च्या गणतीत २८९ भरले. वरच्या कुरणांत मेंढ्यांचे कळप आणि त्यांच्याबरोबरची कुत्री आली की हंगूल तिकडे जायला बिचकतो, ही तिथल्या अभ्यासकांची मोठी काळजी आहे. मेंढपाळांनाही पोट आहे. म्हणून तोडगा दोघांचा विचार करूनच काढावा लागेल. पण वेळ फार नाही. वरची वाट ठाऊक असलेल्या हंगूल माद्या आज आहेत. त्या आहेत तोवरच वाट राखणं सोपं. नंतर नव्वद वर्षं लागतील.

आता शेवटी ठिपकीकडे जाऊ. आपण तिला सोडलं तेव्हा ती आईच्या मागे चालत होती. मध्ये बरीच वर्षं गेली असं समजा. पुन्हा शरद ऋतू आला आहे, पुन्हा बर्फ भुरभुरतोय. नरांचे बिगूल थांबले आहेत. कळप घोटाळत उभा आहे. अशात एक म्हातारी मादी मान वर करते आणि उतरणीला लागते. तिच्या मागे एक, मग दुसरी, मग सगळी रांग. ओळखलंत ना तिला? तिची आई आता नाही. पण आई जिथे नदीत उतरायची, तिथेच ठिपकी उतरते. आणि तिच्या पाठीमागे, पांढऱ्या खुणेवर नजर ठेवून, एक पाडस पाण्यात पाऊल टाकतं.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील, किंवा शेजारी कुणी वयस्कर असतील, त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी ज्या वाटेने पायी जायचात अशी कुठली वाट आता मोडली? बाजाराची, शाळेची, यात्रेची, मामाच्या गावाची. ती कुठून कुठे जायची, वाटेत कुठलं झाड होतं, कुठली विहीर होती, हे वहीत लिहून काढा. जमल्यास नकाशा काढा. आणि सुट्टीत ती वाट थोडीफार शिल्लक असेल, तर त्यांचा हात धरून जेवढं चालवेल तेवढं चालून या. काय पाहिलंत ते मला पत्राने कळवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच.

तुमचा,
रानकाका